दुसऱ्या अंकातली आत्या

तिला सगळे धाकटीच म्हणायचे. साठी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, शेजारच्या लहान पोरांनी आजी म्हणावं असं वय झालं, तरी नाव काही बदललं नाही. बिल्डिंगचा वॉचमन तिला अगदी गंभीरपणे 'धाकट्या मावशी' अशी हाक मारायचा, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

हे नाव 'मधलं दार' या नाटकाने दिलेलं. बाप गेल्यावर दोन बहिणी घर वाटून घेतात, मधलं दार बंद करतात, आणि भिंतीच्या दोन बाजूंना वर्षानुवर्षं एकमेकींचे आवाज ऐकत राहतात, अशी त्याची गोष्ट. एके काळी ते इतकं चाललं की लोकांना त्यातली वाक्यं पाठ झाली होती. ही त्यात धाकटी बहीण. थोरली करणारी बाईही तेव्हापासून थोरलीच झाली. दौऱ्यांच्या त्या वर्षांत धाकटीचं लग्न राहून गेलं, मग आईचं दुखणं निघालं, मग आई गेली, आणि दोन खोल्यांत ती एकटी उरली. नाटकं आटली तसं तिने आवाजाचं काम धरलं. नव्या इमारतींच्या लिफ्टमध्ये 'कृपया दरवाजा नीट बंद करा' म्हणणारी बाई तीच. घरात तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं, आणि शहरभर ती मात्र अनोळखी माणसांशी दिवसभर बोलत असायची.

एका रविवारी भाचीचा फोन आला. भावाची ही मुलगी दुसऱ्या शहरात राहायची आणि दर रविवारी न चुकता चौकशी करायची. तिने सांगितलं की 'मधलं दार' पुन्हा येतंय. दिग्दर्शक नवा आहे, तरुण आहे, त्याच्या सिनेमांची चर्चा असते. कलाकार अजून ठरले नाहीत म्हणे.

"आत्या, त्यातल्या आत्याचं काम तूच करणार ना?" भाचीने विचारलं.

"मला कोण विचारतंय," असं धाकटी तोंडाने म्हणाली. पण फोन ठेवल्यावर ती न्हाणीघरात गेली आणि केसांना लावायच्या रंगाची डबी तिने फळीवर अगदी मागे सारून दिली.

त्या नाटकातली आत्या हे काम होतंच तसं. ती दुसऱ्या अंकाच्या मध्यावर येते. हातात एक पिशवी, चपला काढायच्या आधीच पहिलं वाक्य, "हे दार कोणी लावलं?" आणि मग बापाबद्दल दोघी बहिणींना ठाऊक नसलेलं सगळं ती एका दमात सांगते. ते काम करणारी म्हातारी नटी कधीच गेली. ती स्टेजवर जायची तेव्हा प्रेक्षागृहातला खोकला थांबायचा. दोघी बहिणी शेजारी उभ्या राहून तिच्याकडे रोज बघायच्या आणि मनातल्या मनात रोज म्हातारपण मागायच्या. एकदा दौऱ्याच्या बसमध्ये थोरली म्हणालीही होती, आपण म्हाताऱ्या झालो की एक दिवसाआड करू, एकदा तू, एकदा मी.

धाकटीचे दिवस आता फोनभोवती फिरू लागले. न्हाणीघरात जाताना ती फोन बादलीशेजारच्या स्टुलावर ठेवायची. दूध तापवता तापवता आत्याचं भाषण म्हणायची, आणि दूध दोनदा उतू गेलं. भाजीची पिशवी घेऊन दारातून आत यायची, रिकाम्या खोलीकडे बघत विचारायची, "हे दार कोणी लावलं?" औषधांच्या दुकानदाराने आधीच अभिनंदन करून टाकलं. तिने हसून मान हलवली, ना हो, ना नाही.

फोन मात्र येईना. आणि मग तिच्या मनात थोरली शिरली. त्या वयाची, त्या तयारीची दुसरी होतीच कोण?

दोघींचा अबोला जुना होता. कधीतरी एका मुलाखतीत थोरली गमतीने बोलून गेली की, धाकटीला स्टेजवर माझ्यामागून चालायची सवय होती, म्हणून तिचं कधी चुकलं नाही. धाकटीला ते लागलं. तिने फोन केला नाही. थोरलीने खुलासा केला नाही. मग न बोलण्याचीच सवय झाली. थोरलीचे यजमान गेले तेव्हा धाकटी त्यांच्या इमारतीच्या फाटकापर्यंत गेली होती. आत कारमधून उतरणारी माणसं दिसली आणि ती तशीच परत फिरली. आता मात्र ती गेली. स्वतःला तिने सांगितलं की यजमान गेल्यावर भेटायला जायचं राहिलंय, ते उरकून टाकू.

दार सुनेने उघडलं. तिने ओळखलं नाही. कोण म्हणून सांगू, असं तिने विचारलं.

"धाकटी म्हणून सांग."

थोरली आतून आली ती भिंतीला धरत. आणि धाकटी तिच्या डोक्याकडे बघतच राहिली. मुलाच्या लग्नाच्या पेपरातल्या फोटोतसुद्धा जिने एक पांढरा केस दिसू दिला नव्हता, तिचं डोकं आता कापसासारखं झालं होतं. थोरलीही हिच्या भांगाकडे बघत होती. तिथे बोटभर पांढरं उगवलं होतं आणि खाली काळं लोंबत होतं.

"तुझेही?" थोरली म्हणाली.

"रंगाने खाज सुटते."

"मला डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलाय."

दोघीही धडधडीत खोटं बोलल्या आणि दोघींनाही ते कळलं. सुनेने चहा आणून ठेवला, कामाला उशीर होतोय म्हणाली आणि गेली. यजमानांबद्दल जे बोलायला हवं होतं ते धाकटी बोलली, थोरलीने ऐकून घेतलं. 

"फोन आला का तुला?" थोरलीने विचारलं.

"कसला?"

"उगाच कसला म्हणू नकोस."

"नाही आला. तुला?"

"नाही."

दोघींच्या खांद्यांवरचं ओझं एकदमच खाली उतरलं, आणि ते एकमेकींना दिसलं, आणि त्यावर त्या हसायला लागल्या. थोरली तर डोळे पुसेपर्यंत हसली. म्हणाली, तू गेली इतकी वर्षं रोज मला दार लावायला सांगतेस, आमच्या लिफ्टमध्ये, आणि मला तुला उलट काही बोलता येत नाही.

त्या दिवशी थोरलीने आत्याचा प्रवेश करून दाखवला. पिशवी म्हणून सुनेची जुनी पर्स घेतली. दोनदा अडली, धाकटीने पुढचा शब्द सुचवला, पण दाराकडे बघायची तिची नजर अशी होती की धाकटीच्या अंगावर काटा आला. मग धाकटीने केला. थोरली म्हणाली, तुझा आवाज छान आहे, पण तू अजून आत्याची भाची वाटतेस. हे पूर्वी लागलं असतं. आता धाकटीने पुन्हा करून दाखवला.

बसमधलं ठरलेलं दोघींनाही आठवत होतं. ज्या कोणाला बोलावतील तिने दुसरीचं नाव घ्यायचं, प्रयोग वाटून घ्यायचे, हे त्यांनी पक्कं केलं. आणि तोवर दर गुरुवारी तालीम.

ते गुरुवार धाकटीचे फार चांगले गेले. बुधवारी रात्रीच ती काय घालायचं ते काढून ठेवायची. जाताना बिस्किटं न्यायची. तालीम अर्धा तास व्हायची आणि गप्पा तीन तास. कोण मेलं, कोण कुठे गेलं, कोणत्या गावी स्टेजला भोक होतं आणि त्यात कोणाचा पाय गेला. एकदा निघताना सून दाराशी हळूच म्हणाली, "तुम्ही यायला लागल्यापासून आई जेवताना बोलतात. बाबा गेल्यापासून बंदच झालं होतं."  धाकटीकडे तर जेवताना कोणी नसायचंच. पण ती बसमध्ये बसली तेव्हा तिला कळलं की आपणही हल्ली ताट घेऊन उभ्याउभ्या खात नाही, बसून जेवतो.

मग फोन आला. दिग्दर्शकाच्या सहायकाचा. सर भेटू इच्छितात, सोमवारी जमेल का. धाकटीने थोरलीला कळवलं नाही. आधी जाऊन तर येऊ, मग एक दिवसाआडचं बोलू, मग तिला एकदमच सांगू, असा विचार तिने केला. त्यात थोडी भीतीही होती. आपण सांगायचं आणि तिलाही फोन आलेला असायचा.

तालमीची जागा एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. खालून पॉलिशचा वास येत होता. दिग्दर्शक तिला बघताच उठून उभा राहिला, खुर्ची स्वतः पुढे केली, पाणी स्वतः ओतलं. माणूस वाईट नव्हता. त्याने सांगितलं की लहानपणी आईच्या मांडीवर बसून त्याने हे नाटक बघितलं होतं, आणि तेव्हापासून ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. पहिल्या प्रयोगाला जुन्या कलाकारांनी समोर बसावं अशी त्याची फार इच्छा होती. आणि तिच्याकडे एक मागणंही होतं. नाटक सुरू होण्याआधी मोबाईल बंद ठेवण्याची सूचना असते. ती तिच्या आवाजात असावी.

धाकटीने पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. "आणि आत्या कोण करतंय?"

"आत्या नाहीये, ताई."

"म्हणजे अजून ठरली नाही."

"नाही, म्हणजे..." त्याने स्वतःची खुर्ची जवळ ओढली. "आपण दीड तासाचं करतोय. मध्यंतर नाही. आत्याचा प्रवेश पूर्ण काढलाय. ते सगळं बहिणींना फोनवरून कळतं."

"फोन कोण करतं?"

"वकील."

तिने मान हलवली, जणू वकील हे बरोबरच आहे. तिला वाटलं होतं की कोणी नावाजलेली नटी घेतील, कोणी श्रीमंताची बायको घेतील, थोरलीला घेतील. या सगळ्याची तिने तयारी केली होती. आत्याच नसेल हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत दोन तरुण मुली भिंतीला पाठ लावून वाक्यं घोकत होत्या. माईक तिथेच होता. तिने सूचना एका दमात रेकॉर्ड केली. आवाज कुठेही हलला नाही. आवाज हलू द्यायचा नाही, एवढं तरी तिला या धंद्याने शिकवलं होतं.

गुरुवारी ती थोरलीकडे गेली. थोरली आत्याची पिशवी घेऊन तयार बसली होती. या वेळी खरी पिशवी, कापडी, बंदाला गाठ मारलेली. धाकटीने चपला काढल्या आणि खाली बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

थोरली ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"तू सोमवारी गेली होतीस," ती म्हणाली. "आणि आज गुरुवार."

"तोंडावर सांगावं म्हणून थांबले."

"आत्याशिवाय ते नाटक होईल तरी कसं? नाटकात आहे काय मग?"

"मलाही तसंच वाटलं. पण काढलीय त्यांनी."

"तुला घेतलंय." थोरली अगदी शांतपणे म्हणाली. "सरळ सांग ना, की मला घेतलंय. मी काय रडणार आहे? पण आत्याच नाही म्हणे. मला काय खुळी समजतेस?"

धाकटीने पुन्हा सांगितलं. वकिलाचा फोन सांगितला, मोबाईलची सूचना सांगितली. जेवढं सांगावं तेवढं ते रचलेलं वाटू लागलं, खुद्द तिलाही. थोरलीने पिशवी खुर्चीखाली सरकवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मागून चालणारीला कधीतरी पुढे जावंसं वाटणारच, असं काहीसं ती पुटपुटली. धाकटी वाद घालत बसली नाही. बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवून ती निघाली. खाली उतरताना लिफ्टने तिच्याच आवाजात तिला दरवाजा नीट बंद करायला सांगितलं, आणि तिने तो केला.

पुढच्या आठवड्यात पेपरात जाहिरात आली. फोटो, नावं, सगळं. आत्या नव्हती. आता तिला कळेल, आता फोन येईल, असं धाकटीला वाटलं. आला नाही. तिने स्वतः दोनदा केला. दोन्ही वेळा सुनेने उचलला आणि आई झोपल्यात असं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज ओशाळला होता. धाकटी ताट घेऊन पुन्हा ओट्याशी उभी राहू लागली.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. दिग्दर्शकाने दोघींसाठी शेजारशेजारच्या जागा ठेवल्या होत्या. धाकटी लवकर जाऊन बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती. एका गृहस्थांनी विचारलं, इथे कोणी आहे का? ती हो म्हणाली आणि खुर्चीवर तिने आपली पर्स ठेवली. दिवे मंदावले, आणि तिचा आवाज वरून सगळ्यांना मोबाईल बंद ठेवायला सांगू लागला. लोकांनी फोन चाचपले. कोणी मान वळवून बघितलं नाही.

ती चुका काढायच्या तयारीने आली होती. मधलं दार काचेचं केलेलं बघून तिने मनात पहिली चूक काढली. पण धाकटीचं काम करणारी मुलगी आत आली, पायात एकच चप्पल, दुसरी हातात, आणि काचेला नाक लावून पलीकडे बघू लागली, तेव्हा तिला हसू आलं, आणि हसता हसता ती चुका काढायचं विसरली. मुलगी चांगली होती. त्या वयात आपण एवढ्या चांगल्या नव्हतो हे तिला स्वच्छ दिसत होतं.

मग ती जागा आली. आत्या येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिचे पाय खुर्चीखाली चपला शोधू लागले आणि पाठ ताठ झाली. स्टेजवर फोन वाजला. थोरल्या बहिणीने उचलला. वकिलाचा आवाज अगदी कोरडा होता, दोन-तीन वाक्यं, बस. ती मुलगी काही बोलली नाही, नुसती ऐकत राहिली, आणि काचेपलीकडून धाकटी बहीण तिचं तोंड बघत राहिली. प्रेक्षागृहात कोणी खोकलं नाही. इकडे खुर्चीत धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नाटकाचं आत्यावाचून काही अडलं नव्हतं. ते छान उभं होतं.

संपल्यावर ती आत गेली. गर्दी होती, फुलं होती. दिग्दर्शकाने तिची ओळख करून दिली, तशी धाकटीचं काम करणाऱ्या मुलीने तिचे दोन्ही हात धरले आणि मनापासून विचारलं की जुन्या नाटकात आत्या एवढं लांब बोलायची, तेव्हा तुम्ही काय करायचात?

"ऐकायचे," धाकटी म्हणाली. "रोज तेच. आणि रोज वाटायचं, आज ही काहीतरी वेगळं सांगेल."

मुलीला आणखी विचारायचं होतं, पण तिला कोणीतरी फोटोसाठी ओढून नेलं. धाकटी थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग बाजूच्या दाराने बाहेर पडली. बाहेर अजून ऊन होतं. बसथांब्यावर उभी राहून तिने थोरलीला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. सुनेने नव्हे.

"कसं झालं?" थोरली हॅलोही म्हणाली नाही.

धाकटीने सांगायचं ठरवलं होतं की काही दम नव्हता, पोरी कच्च्या होत्या, लोक कंटाळले. ते अगदी ओठावर होतं.

"चांगलं झालं गं," ती म्हणाली.

 धाकटीने फोन कानापासून दूर धरून बघितला, कट झाला की काय म्हणून.

"आत्याशिवाय?"

"आत्याशिवाय. मी त्याच जागी रडले."

"खोटं सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"खरं सांगितलं तेव्हा खोटी ठरले. आता खोटं बोलून काय मिळणार होतं?"

पलीकडे थोरलीने नाक शिंकरलं. मग हळूहळू म्हणाली की पेपर बघितला त्याच दिवशी तिला कळलं होतं. पण फोन करायची लाज वाटली. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी आणखी लाज वाटायची. आज दुपारपासून ती फोनजवळच बसली होती.

"मग आज यायचंस ना. तुझी खुर्ची ठेवली होती मी."

"ते बघायला कशी येऊ?" थोरली म्हणाली.

थिएटरातून माणसं बाहेर पडत होती. कोणी काचेच्या दाराबद्दल बोलत होतं, कोणी गाडी कुठे लावली ते विचारत होतं. धाकटीने त्यांच्याकडे पाठ केली.

"गुरुवारी येऊ?"

"आता येऊन काय करायचं? तालीम कसली आता?"

हेही खरं होतं. इतके आठवडे त्या भेटत होत्या त्या एका कामासाठी, आणि ते काम आता कुठेच नव्हतं. पुढे दुसऱ्या कोणी हे नाटक केलं तरी तोवर दोघींपैकी कोण असणार?

"चहा पिऊ," धाकटी म्हणाली.

"गुरुवारी माझं दातांचं आहे."

"मग शुक्रवारी."

थोरलीने विचार केला. "शुक्रवारी ये. सूनबाई उशिरा येते, चहा तुलाच करावा लागेल. आणि ती बिस्किटं आणू नकोस, मऊ पडलेली असतात."

बरं, असं म्हणून धाकटीने फोन पर्समध्ये टाकला. बस आली ती जवळजवळ रिकामीच. ती खिडकीशी बसली. शुक्रवार अजून बराच लांब होता.